शेवंतीचं डोहाळजेवण

आमच्या घरात आजवर तीन डोहाळजेवणं झाली. पहिलं माझ्या बायकोचं, दुसरं भावजयीचं आणि तिसरं एका नराचं.

तिसऱ्याला आख्खी गल्ली हजर होती. ओटी भरली, फुलांचे दागिने घातले, फोटो निघाले. सगळे पोटभर जेवले, फक्त जिचं (म्हणजे ज्याचं) डोहाळजेवण होतं त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. आणि हा सगळा प्रताप माझा. मी निवृत्त हवालदार, वय एकसष्ट, मुक्काम कोरेगाव. अजून लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "काय हवालदार, बाळंतीण बरी हाय न्हवं?" मी "बरी हाय" म्हणतो आणि पुढं चालायला लागतो. भांडून काय उपयोग!

फौजेत मी बावीस वर्षं लंगरात काढली. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. बंदूक चालवली ती सरावापुरती, पण पळी मात्र रोज चालवली. माझा नियम एकच होता. ताटात जागा दिसली की वाढायचं. समोरचा 'नको' म्हणाला तर दुप्पट वाढायचं, कारण 'नको' म्हणणारा लाजत असतो. (एका मेजरसाहेबांनी हात जोडले तरी मी खीर वाढली होती. त्यांनी माझी बदली करायची धमकी दिली, पण खीर संपवली!) निवृत्त झाल्यावर पळी घरी आली एवढंच. आमच्याकडं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दोन भाकरी खाल्ल्याशिवाय सुटत नाही.

आणि असल्या माणसाच्या पोटी लेक जन्मली ती चिमणीएवढं खाणारी! प्राजक्ता, आमची एकुलती एक. आम्ही प्राजू म्हणतो. सुट्टीवर आलो की ताट घेऊन मी तिच्यामागं परसात पळायचो, ती पेरूच्या झाडावर चढून बसायची. लग्न होऊन ती सांगलीला गेली. यंदा तिला दिवस गेले तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पोर तीन महिने माझ्या ताब्यात! मी डिंक आणला, खारीक आणली, खोबरं किसून ठेवलं. माझ्या बायकोनं, सुमननं, डोहाळजेवणाची हिरवी साडी आणली आणि भाचीकडनं झोपाळासुद्धा मागून ठेवला.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, जपायला पाहिजे, अंथरुणावर पडून राहायचं, प्रवास अजिबात नाही. झालं! माहेरपण गेलं, डोहाळजेवण गेलं. झोपाळा सोप्यात तसाच लटकत राहिला. सुमन येता-जाता त्याच्याकडं बघायची आणि पदरानं नाक पुसायची.

आम्ही सांगलीला भेटायला गेलो. मी पाच खणांचा डबा नेला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, अळूवडी आणि शेवयाची खीर. प्राजूनं माझ्याकडं बघून अळूवडीचा एक तुकडा तोंडात घातला आणि तोंडावर हात ठेवून उठली ती थेट मोरीत. तिच्या पोटात काहीच टिकत नव्हतं. विहीणबाई लय गोड बोलल्या, "दादा, पुढल्या वेळी नुसते या हं." त्या दिवशी येताना मी गाडीत तो डबा मांडीवर घेऊन बसलो. एवढ्या लोकांच्या पोरांना मी जेवू घातलं आणि माझ्या पोरीच्या पोटात माझ्या हातचा घास टिकला नाही. मला रडू येत होतं आणि सुमनला ते कळत होतं, म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्याच रविवारी आमचे जावई अमोलराव एक पिंजरा घेऊन दारात. आत पांढराशुभ्र ससा, नाक सारखं हलतंय.

"पप्पा, ही प्राजूची शेवंती. आईला दोघींचं करणं झेपत नाही. बाळ होईपर्यंत ठेवाल का? प्राजूचा हिच्यावर फार जीव आहे. म्हणाली, पप्पांकडंच द्या, दुसऱ्या कुणाकडं नको."

पप्पांकडंच द्या! मी पिंजरा दोन्ही हातांनी घेतला. ससा कसला, माझ्या लेकीचा जीव होता तो. माझ्या घरी राहायला आला होता, आणि माझ्या घरी आलेला उपाशी राहत नाही!

पिंजऱ्याबरोबर एक पोतं वाळलेलं गवत आणि प्राजूच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'गवत भरपूर, दिवसभर समोर पाहिजेच. पालेभाजी मूठभर. गाजर, फळ चवीपुरतं. भाकरी, गोड, दाणे अजिबात नाही.' अजिबात नाही या शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी चिठ्ठी वाचली आणि मला पोरीचं कौतुक वाटलं. किती भिडस्त!

"आवं, तिनं दोन रेघा मारल्यात," सुमन म्हणाली.

"मारल्या आसतील. सासरच्या माणसांसमोर बसून लिवलीय ती चिठ्ठी. माझ्या सशाला गूळ-शेंगदाणं घाला, आसं लिवंल का ती? माहेरावर भार नगं म्हणून गवत लिवलंय. तू माहेरला आलीस तर तुला तुझ्या भावानं गवत घातलं तर चालंल का?"

"मी ससा न्हाई."

"मुद्दा तो न्हाई! लेकीच्या घरनं आलेल्याला गवत घातलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

त्याच दुपारी ते पोतं मी शेजारच्या आक्कांच्या शेळीला देऊन टाकलं.

शेवंतीचा मेनू मी स्वतः ठरवला. सकाळी भिजवलेले हरभरे आणि अर्धं केळं. दुपारी बाजरीची भाकरी कुस्करून. चारला गूळ-शेंगदाणे. संध्याकाळी गाजर, आणि गाजर कोरडं लागतं म्हणून बरोबर बिस्कीट. आणि काय सांगू, पोरगी (तेव्हा आम्हाला ती पोरगीच वाटत होती) अशी जेवायची की डोळ्यांचं पारणं फिटावं! दोन पाय वर करून भाकरी मागायची, गूळ चाटून माझी बोटं चाटायची. कधी 'नको' नाही, कधी उलटी नाही. मी पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसायचो आणि म्हणायचो, "खा बाळ, खा." सुमन एकदा स्वयंपाकघराच्या दारातून बराच वेळ माझ्याकडं बघत उभी होती.

रोज चार वाजता प्राजूचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या वेळेपुरती मी पालकाची एक जुडी आणून ठेवली होती. फोन वाजला की गुळाची वाटी मागं आणि पालक पुढं.

"पप्पा, गवत खाते ना?"

"खात्या की! एकदम शिस्तीत."

"गोड काही देत नाही ना?"

"छ्या!" मी म्हणायचो, आणि मागं सुमन देवाकडं बघून हात जोडायची.

अशातच एके दिवशी पहाटे मी उठलो, पिंजऱ्यापाशी गेलो आणि जे बघितलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवंती मान वाकवून स्वतःचीच लेंडी खात होती! नेहमीची वाळकी, गोल नव्हे, तर मऊ, चिकट, द्राक्षांच्या घोसासारखी.

"सुमन! आगं उठ! आपण हिला उपाशी मारतोय!"

विचार करा, बावीस वर्षं लंगर चालवलेल्या माणसाच्या घरात पाहुण्यावर ही वेळ! लाज वाटून मी दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवसापासून शेवंतीचा खुराक दुप्पट केला. भाकरी दोन वेळा आणि रात्रीच्याला शिरा. शिवाय रोज पहाटे झाडू घेऊन मी पिंजऱ्यापाशी हजर, तिनं तसलं काही खाऊ नये म्हणून.

आठवड्याभरानं एका संध्याकाळी शेवंतीनं गाजर अर्धं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हरभऱ्याकडं बघितलंच नाही. कोपऱ्यात जाऊन बसली. पाठ वर काढलेली, डोळे अर्धे मिटलेले, दात हळूहळू घासत. पोट हाताला ढोलकीसारखं घट्ट लागत होतं. पिंजरा झाडायला गेलो तर झाडायला काही नव्हतंच.

मी आक्कांना हाक मारली. आक्का म्हणजे आमच्या गल्लीचा शेवटचा शब्द. वय ऐंशीच्या पुढं. दवाखाने नव्हते तेव्हा निम्म्या गल्लीची बाळंतपणं त्यांनी केलेली. त्या आल्या, खाली बसल्या, शेवंतीच्या पोटावरून हात फिरवला.

"अन्न नगं झालंय?"

"व्हय."

"सुस्त झालीय?"

"व्हय."

"प्वाट टरटरलंय." आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी केलंय. "आवं हवालदार, गाभण हाय ही!"

"आक्का, गाभण म्हणू नगा," सुमन म्हणाली. "लेकीच्या घरनं आल्या. पोटुशी म्हणा."

"पर नर कुटनं आला?" मी विचारलं. "घरात एकच तर ससा."

"सांगलीत आसंल शेजारीपाजारी. तुमाला सांगून करत्यात व्हय सगळं?"

आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. जेवण बंद झालं ते माझ्या हातचं नको म्हणून नव्हे, डोहाळे लागलेत म्हणून!

सुमन झोपाळ्याकडं बघत होती. एकदम म्हणाली, "आक्का, एक बोलू का? हसू नगा. हिचं डोहाळजेवण करू या का?"

मी तोंड उघडलं होतं, खडसावणारच होतो. पण महिन्याभरानं तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला होता. लेकीची ओटी भरायची राहून गेलेली बाई ती. मी तोंड मिटलं आणि विचारलं, "भात कुठलं कुठलं करू?"

मग काय, बडा खाना! बडा खाना म्हणजे फौजेतलं मोठं जेवण. साहेब आणि जवान एका पंगतीला बसतात. मी दुपारपर्यंत पाच तऱ्हेचे भात, कोशिंबिरी, भजी, जिलेबी, सगळं उठवलं. समोरच्या शमशादभाभी शिवणकाम करतात. त्यांनी डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीबरोबर आलेल्या ब्लाऊजपीसच्या तुकड्याची एवढीशी शाल शिवून आणली, वर जरीची किनार लावून. "मुकं जनावर असलं म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या, "प्राजूच्या घरचं आहे." त्यांच्या सुनेनं मोगऱ्याचे दागिने गुंफले. चार वाजता गल्लीतल्या बावीस बायका आमच्या सोप्यात बसल्या, आणि झोपाळ्यावर उशी, उशीवर शेवंती!

सुमननं ओटी भरली. बायकांनी गाणी म्हटली. शेवंती मान खाली घालून, डोळे मिटून बसलेली.

"बगा की, कशी लाजत्या!"

"पयलटकरीण हाय न्हवं."

मग दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. ज्या वाटीला तोंड लावेल त्यावरून मुलगा का मुलगी ते ठरणार. शेवंतीनं दोन्हींकडं पाठ फिरवली.

"जुळी हायत!" आक्कांनी निकाल दिला, आणि टाळ्या पडल्या.

त्याच वेळी माझ्या खिशात फोन वाजला. प्राजू. मी कट केला. परत वाजला. परत कट केला. फोनचं चार्जिंग संपलं म्हणून सांगू, असा विचार करून मी भज्यांची परात उचलली. पण इकडं शमशादभाभींनी हौसेनं फोटो काढून गल्लीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपवर प्राजूपण आहे, हे मला कोण सांगणार!

फोन आता सुमनचा वाजला. तिनं उचलला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"पप्पा, शेवंतीला काय झालंय?"

"काय न्हाई गं. जरा हौस केली तुझ्या आईनं. गोड बातमी हाय, तुला मागनं सांगणारच—"

"फोटोत ती कशी बसलीय बघा. पाठ काढून."

"लाजत्या गं ती."

"लाजत न्हाई पप्पा! तिचं पोट दुखतंय!" पोर सांगलीची झाली तरी चिडली की तिच्या तोंडातनं कोरेगावच बाहेर पडतं. "सकाळपासनं लेंडी टाकली का?"

"न्हाई."

"खाल्लं कवा शेवटचं?"

"काल सांजच्याला. अर्धं गाजर."

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, सशाचं पोट एवढा वेळ थांबलं की ससा जातो. आत्ता निघा. साताऱ्याला जा. मला उठता येत न्हाई हो, न्हाईतर मीच आले असते."

मी चपलासुद्धा दोन वेगळ्या घातल्या. मोटरसायकल काढली, सुमन मागं बसली, तिच्या मांडीवर शेवंतीची टोपली. एकाही बाईला शेवंतीच्या अंगावरचे दागिने काढायचं सुचलं नाही. साताऱ्यापर्यंत वाटेत जो भेटला तो बघत राहिला, आणि मी मनात एकच म्हणत होतो, देवा, माझ्या पोरीनं विश्वासानं दिलेलं एवढं एक तरी माझ्या हातून जाऊ देऊ नको.

साताऱ्यात पाळीव जनावरांचा एक खासगी दवाखाना होता. आत चार कुत्री, एक पोपट आणि त्यांची माणसं रांगेत बसलेली. मोगऱ्याच्या बाजूबंदातला ससा बघून सगळ्यांनी आपणहून वाट दिली. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या प्राजूच्याच वयाच्या.

"हे काय घातलंय?"

"डोहाळजेवणातनं उठवून आणलीय," सुमन म्हणाली. "पोटुशी हाय. सांभाळून बघा."

बाईंनी शाल काढली, दागिने काढले, शेवंतीला अलगद उलटं धरलं आणि बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"काका, हा नर आहे."

दवाखान्यात पोपटसुद्धा गप्प झाला.

"नर?" मी म्हणालो. "पर नाव शेवंती हाय!" (एवढंच सुचलं. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.)

"दुकानवाल्यानं मादी म्हणून विकला असेल, होतं तसं. आणि पोटात पिल्लं नाहीत, गॅस आहे. आतडं चालायचं थांबलंय. याला खायला काय काय घातलंत?"

मी सवयीनं सावधानमध्ये उभा राहिलो आणि चिठ्ठीसकट सगळा मेनू म्हणून दाखवला. हरभरे म्हणेपर्यंत त्या लिहीत होत्या. बिस्किटाला त्यांनी पेन खाली ठेवला. शिऱ्याला डोळे मिटले.

"आणि गवत?"

"गवत शेळीला घातलं."

"काका, सशाचं पोट गवतावरच चालतं. दिवसभर गवत चघळत राहिला तरच आतडं हलतं. गोड आणि पिठाचं खाल्लं की आत आंबतं आणि वारा धरतो."

"बाई, पर त्यो उपाशी होता. स्वतःची लेंडी खाताना मी डोळ्यांनी बघितलं!"

"ती खायलाच लागते त्याला. पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व त्या मऊ लेंडीत असतं, ते तो परत पोटात घेतो. निरोगी ससा रोज करतो. तुम्ही ती काढून तर टाकली नाही ना?"

"रोज झाडून काढत हुते," सुमन म्हणाली. बायको साक्षीला उभी राहिली की बचावाला जागा उरत नाही.

बाईंनी इंजेक्शनं दिली, कातडीखाली सलाईन सोडलं, गवताच्या चुऱ्याचं पातळ वाटण सिरिंजनं थोडं थोडं पाजायला शिकवलं. मग हात धुताधुता विचारलं, "काका, चिठ्ठीत लिहून दिलं होतं म्हणता. मग एवढं का घातलंत?"

मी टेबलावरच्या हिरव्या शालीची घडी घालायला लागलो. सुमनच म्हणाली, "आमची लेक तिकडं झोपून हाय, तिला कायबी पचत न्हाई. हे तिला भरवत हुते, बाई. ससा नुसता मधी बसला हुता."

हे तिला कधीपासून कळलं होतं, कोण जाणे. मला तर तेव्हाच कळलं.

बाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला म्हणायचं. नाहीतर लगेच घेऊन या. आणि यापुढं वाढायच्या आधी विचारत जा. सशाला नाही, निदान लेकीला."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी प्राजूला फोन लावला. सगळं कबूल केलं, गुळापासून शिऱ्यापर्यंत. पालकाची एकेक जुडी पाच-पाच दिवस पुरवली, तेही सांगितलं.

"मीच केलं गं बाळ. तुझी शेवंती मीच आजारी पाडली."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं. पालक रोज एकच असायचा, त्याला पिवळं पान होतं. तुम्ही खाऊ घालताना खूश दिसायचा. म्हणून मी पण काही बोलले नाही. माझं पण चुकलंच."

घरी आलो तर दारात आक्का बसलेल्या, शेजारी वाळल्या गवताची पेंडी. शेळीनं पोतं केव्हाच फस्त केलं होतं (आणि शेळी ठणठणीत होती!), म्हणून ऐंशी ओलांडलेली म्हातारी शेताच्या वस्तीवर जाऊन गवत मागून आली होती.

"माझंबी चुकलं," त्या म्हणाल्या. "एवढी बाळंतपणं केली, पर बापयाचं प्वाट तपासायची येळ कवा आली न्हाई बगा."

रात्रीचं मी सांगत नाही. आळीपाळीनं वाटण पाजलं, पोट चोळलं, एवढंच. सकाळी आठला तीच अवस्था. नऊला तेच. दहाला डॉक्टरांकडं परत न्यायचं म्हणून सुमननं टोपलीत टॉवेल घातला. बाहेर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, पण कालच्यासारखं कुणी गाणं म्हणत नव्हतं. शमशादभाभी दुवा मागत होत्या. फोनवर प्राजू होती. तिनंही कालपासून काही खाल्लेलं नव्हतं, असं विहीणबाई मागून सांगत होत्या. मी पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलो होतो. कधी कुणाकडं न मागितलेली गोष्ट मी एका सशाकडं मागत होतो.

शेवंती उठली. दोन पावलं सरकली. आक्कांच्या पेंडीतली एक काडी ओढली आणि कुरकुर चावायला लागली. आणि मग पाठीमागं, टप्प.

मी चिमटीत उचलून उजेडात धरली. गोल, वाळकी, हरभऱ्याएवढी. आक्कांनी चष्मा लावून बघितली.

"हाय," त्या म्हणाल्या. "लेंडीच हाय."

"पडली!" मी दारात येऊन ओरडलो. "पडली गं बायांनू, पडली!" माझ्या पोरीच्या जन्माला मी सीमेवर होतो, ओरडायला मिळालं नव्हतं. ते सगळं मी त्या दिवशी ओरडून घेतलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. सुमन रडत होती. कालच्या डोहाळजेवणातले पेढे शिल्लक होते, ते कुणीतरी वाटले. रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमननं पेढा तोंडात टाकून विचारलं, "काय झालं, मुलगा का मुलगी?"

फोनवर प्राजू हसत होती आणि डोळे पुसत होती. पडद्याला अगदी चिकटून तिनं शेवंतीला बघितलं, मग मला बघितलं.

"पप्पा," ती नाक ओढत म्हणाली, "मला भूक लागलीय."

कित्येक महिन्यांत हे शब्द मी ऐकले नव्हते. पुरणपोळी, मसालेभात, खीर, सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. मी ते गिळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय खातीस, बाळ?"

"ताक-भात. एवढासाच."

"बरं," मी म्हणालो. सुमन माझ्याकडं बघतच राहिली.

विहीणबाईंनी वाटी आणून दिली. प्राजूनं एक घास घेतला. मी गप्प. दुसरा घेतला. मी गप्पच. तिसरा घास पोटात गेला आणि तिथंच राहिला. मला इतकं भरून आलं, की काय सांगू! चौथ्या घासाला मात्र माझा धीर सुटला.

"प्राजू," मी म्हणालो, "विहीणबाईंना त्यावर थोडं तूप घालायला सांगू का?"

फोन कट झाला.

"रेंज गेली आसंल," सुमन म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, बिचारी.